दोन लिटरमधून अजून किती? एका सुबारू बीआरझेडचं प्रकरण

पार्श्वभूमी

कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्को बे एरियात राहणाऱ्या एका मराठी सॉफ्टवेअर इंजिनिअरच्या गाडीची ही हकीकत. ओळख लागू नये म्हणून गाव, कंपनी आणि गॅरेजचं नाव गाळलं आहे. त्यांना इथे नुसतं 'मालक' म्हणू.

गाडी २०१३ची सुबारू बीआरझेड, सहा गिअरची मॅन्युअल, सेकंड हॅन्ड घेतलेली. टोयोटा आणि सुबारूने मिळून काढलेली ही गाडी. तिचंच टोयोटाकडचं भावंड म्हणजे ८६. ताकद मागच्या चाकांना, वजन साडेबाराशे किलोच्या आसपास, आणि बॉनेटखाली टर्बोही नाही की सुपरचार्जरही नाही. एफए२० इंजिन: १९९८ सीसी, चार सिलिंडरांचं बॉक्सर (सिलिंडर आडवे, समोरासमोर), बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) दोन्ही ८६ मिलिमीटर, कॉम्प्रेशन (आतलं मिश्रण किती पट दाबलं जातं ते) १२.५ ला १. ७००० आरपीएमला (मिनिटाला फेरे) २०० हॉर्सपॉवर, ६४०० आरपीएमला २०५ न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर.

माझं काम इंजिन कॅलिब्रेशनचं, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकातले आकडे जुळवण्याचं, म्हणून २०२२च्या उन्हाळ्यात प्रश्न माझ्याकडे आला. "टर्बो नको, इंजिन खोलायचं नाही, पण पंचवीस-तीस हॉर्सपॉवर वाढवायची आहे. काय करू?"

तक्रार नेमकी काय होती

असा प्रश्न आला की मी आधी विचारतो, ताकद कुठे कमी पडते? बहुतेकांकडे याचं उत्तर नसतं. मालकांकडे होतं, फक्त त्यांनी ते प्रश्नाला जोडलं नव्हतं. फ्रीवेवर ताशी ७० मैलांनी सहाव्या गिअरमध्ये जाताना ओव्हरटेक करायचा झाला की ते पाचवा टाकत आणि पाय पूर्ण दाबत. "आवाज वाढतो, पण गाडी जागची हलायला मागत नाही रे. मग एकदम जाग आल्यासारखी पळते."

या इंजिनाच्या टॉर्कच्या रेषेत साधारण ३५०० ते ४५०० आरपीएमच्या मध्ये एक खड्डा आहे. ३००० पर्यंत टॉर्क बरा चढतो, मग खाली बसतो, आणि साडेचार हजारांनंतर पुन्हा वर येतो. कारण हवेच्या लाटांचं आहे. टर्बो नसलेल्या इंजिनात हवा आत ढकलणारं कोणी नसतं. व्हॉल्व्ह उघडण्या-मिटण्याने इनटेक आणि एक्झॉस्टच्या नळ्यांमध्ये दाबाच्या लाटा उठतात, टोकाला आपटून परत येतात. लाट योग्य वेळी व्हॉल्व्हवर पोचली तर सिलिंडर जास्त भरतो, चुकीच्या वेळी पोचली तर कमी. नळ्यांची लांबी एका आरपीएमला लाभली की दुसऱ्या कुठल्या तरी आरपीएमला नडतेच. इथे ती नडते ती नेमकी रोजच्या वापराच्या पट्ट्यात.

आता गिअरचं गणित. चौथ्याचा रेशो १.२१३, पाचव्याचा १.०, सहाव्याचा ०.७६७, फायनल ड्राइव्ह (गिअरबॉक्सनंतर, चाकांआधीचा शेवटचा रेशो) ४.१, टायर २१५/४५ आर१७. ताशी ७० मैलांना सहाव्यात इंजिन फिरतं ३०००च्या आसपास. पाचवा टाकला की ३९००. म्हणजे मालक दर ओव्हरटेकला गाडी बरोबर खड्ड्याच्या तळाशी नेऊन उभी करत होते. चौथा टाकला असता तर ४७५०, खड्ड्याच्या पलीकडे. फ्रीवेला लागतानाच्या चढावरही तेच: ४५ मैलांना तिसऱ्यात ३९००, दुसऱ्यात ५५००.

कागदावर हे मांडून दाखवल्यावर ते थोडे हिरमुसले. पार्ट्सच्या याद्या तयार होत्या, आणि उत्तर गिअर लिव्हरमध्ये निघत होतं. पण सगळं उत्तर तिथे नव्हतं. वर्षातून काही वेळा ते विलोजजवळच्या थंडरहिल ट्रॅकवर गाडी नेत, तिथे इंजिन तसंही पाच हजारांच्या वरच असतं, आणि तिथेही त्यांना जास्त ताकद हवी होती.

इंजिनात शिल्लक किती

जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांमध्ये कंपनीने बरंच काही टेबलावर सोडलेलं असायचं. हेड पोर्टिंग केलं (हेडमधल्या हवेच्या वाटा रुंद केल्या), कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) बदलला, एक्झॉस्ट मोकळा केला की फरक सहज दिसायचा. आजच्या इंजिनात तो माल कंपनीनेच उचललेला असतो. एफए२०मध्ये डायरेक्ट आणि पोर्ट अशी दुहेरी इंजेक्शन आहे, चारही कॅमशाफ्टचं टायमिंग चालत्या इंजिनात बदलतं, आणि कॉम्प्रेशन १२.५.

मी तुलनेला लिटरमागचा टॉर्क घेतो, कारण सिलिंडर किती चांगला भरतो ते त्यातून कळतं. बीआरझेड लिटरला सुमारे १०३ न्यूटन मीटर देते. फेरारी ४५८ इटालियाचं साडेचार लिटरचं इंजिन ५४० देतं, म्हणजे लिटरला १२०. मध्यमवर्गीय नोकरदाराची गाडी आणि फेरारी यांच्यात या मापाने एवढंच अंतर आहे. अमेरिकेत २००३पर्यंत विकलेली होंडाची एस२००० घ्या: तीही दोन लिटर, टॉर्क २०८, बीआरझेडएवढाच. तरी ताकद २४०. वरचे चाळीस हॉर्सपॉवर आले ते ८३०० आरपीएममधून, कारण ताकद म्हणजे टॉर्क गुणिले आरपीएम. तेवढं फिरवायचं तर व्हॉल्व्ह स्प्रिंग, कॅम, रॉड, ऑइल पंप सगळंच त्या हिशेबाने हवं. इंजिन न खोलता तिकडे जाता येत नाही.

मग उरतात दोन दारं: आत जाणारी हवा थोडी सुधारणं आणि इग्निशन टायमिंग पुढे नेणं, म्हणजे ठिणगी थोडी लवकर पाडणं. दुसऱ्या दारावर पहारा नॉकिंगचा, म्हणजे मिश्रण अवेळी आपोआप पेटण्याचा. कॅलिफोर्नियाच्या पंपावर मिळणारं चांगल्यातलं पेट्रोल सहसा ९१ ऑक्टेनचं, अमेरिकन मोजणीने, आणि एवढ्या कॉम्प्रेशनला उन्हाळ्यात ते अपुरं पडतं. ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, त्याची खडखड ऐकून टायमिंग मागे घेत राहतो.

पहिला खर्च, विचारण्याआधीचा

माझ्याकडे येण्याआधीच मालकांनी एक ओपन पॉड इनटेक, म्हणजे पेटीशिवायचा उघडा एअर फिल्टर, बसवून घेतला होता. खोक्यावर वाढीचा आकडा होता, गॅरेजने डायनोवर (चाकांवरची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) फरकही दाखवला होता. आवाज मात्र खरोखर सुंदर.

सुदैवाने मूळ एअरबॉक्स त्यांनी जपून ठेवला होता. एकाच दुपारी, एकाच डायनोवर आम्ही दोन्ही तपासले. बॉनेट उघडं आणि समोर मोठा पंखा: पॉड इनटेक चाकांवर १७० हॉर्सपॉवर, मूळ एअरबॉक्स १६८. बॉनेट लावलं, दोन रन दिले, इंजिन-बे तापू दिलं: पॉड १६३ वर आला, मूळ एअरबॉक्स १६७ वर. मूळ पेटी हवा बंपरच्या बाजूने बाहेरून घेते. पॉड रेडिएटरमागची गरम हवा ओढतो. हवा दहा अंशांनी तापली की तिची घनता तीन टक्क्यांनी उतरते, आणि ते तीन टक्के सरळ ताकदीतून जातात. गॅरेजचा डायनो खोटं बोलत नव्हता. रस्त्यावर बॉनेट उघडं ठेवून कोणी चालवत नाही, एवढंच.

दुसरी गोष्ट स्कॅनरवर दिसली आणि ती मला जास्त खटकली. पॉडसोबत लाँग टर्म फ्युएल ट्रिम (ईसीयू पेट्रोलात सतत करत असलेली दुरुस्ती) अधिक ९ टक्क्यांच्या आसपास, मूळ पेटीसोबत ३ च्या आत. मॅफ सेन्सर, म्हणजे आत येणारी हवा मोजणारी तार, नळीत बसलेला असतो आणि ईसीयूचा तक्ता त्या नळीच्या व्यासावर बेतलेला असतो. नवी नळी किंचित रुंद, म्हणून हवा कमी मोजली जात होती आणि ईसीयू मागाहून पेट्रोल वाढवून भरपाई करत होता. अर्ध्या पेडलला ही भरपाई चालते. पूर्ण पेडलला ईसीयू ऑक्सिजन सेन्सरच्या सल्ल्यावर तितका विसंबत नाही, आणि तिथेच मिश्रण पातळ राहण्याचा, म्हणजे पेट्रोल कमी पडण्याचा, धोका.

दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, तशातली ही गत. इथे तर कोरताना हिरडीच दुखावली होती.

समोर आलेले पर्याय

सर्वांत मोहाचा पर्याय म्हणजे हेडर (इंजिनातून धूर बाहेर आणणाऱ्या नळ्यांचा संच), ई८५ आणि रीमॅप (ईसीयूतले तक्ते बदलणं). टॉर्कचा खड्डा खऱ्या अर्थाने भरणारा उपाय हाच. या गाडीचा पहिला कॅटलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धूर स्वच्छ करणारा 'कॅट', एक्झॉस्ट हेडरमध्येच असतो. तो काढून मोकळा हेडर लावला, ८५ टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलं ई८५ भरलं, आणि ईसीयूत टायमिंग व कॅमचे तक्ते त्यानुसार बदलले, तर चाकांवर १६८चे २०० च्या आसपास होतात आणि मधला खड्डा जवळपास बुजतो. इथेनॉल नॉकिंगला दाद देत नाही आणि बाष्प होताना हवा थंड करतं, त्यामुळे १२.५ कॉम्प्रेशनला ते मानवतं. त्रास दोन. एकतर इंधन बरंच जास्त लागतं, टाकी लवकर रिकामी होते. शिवाय पंपावरच्या ई८५मध्ये इथेनॉल ५१ ते ८३ टक्क्यांच्या मध्ये कितीही असू शकतं, ऋतूप्रमाणे बदलतं, त्यामुळे प्रमाण मोजणारा सेन्सर लावल्याशिवाय हे करू नये.

पण खरी अडचण कायद्याची. कॅलिफोर्नियात उत्सर्जनाशी संबंधित कुठलाही पार्ट बदलायचा तर त्याला राज्याच्या एअर रिसोर्सेस बोर्डाचा सूट-क्रमांक लागतो. आठ मॉडेल वर्षांहून जुन्या पेट्रोल गाडीची दर दोन वर्षांनी स्मॉग तपासणी होते, तीत बॉनेटखालचे पार्ट डोळ्यांनी पाहतात, आणि जुलै २०२१ पासून ईसीयूमधलं सॉफ्टवेअर मूळ आहे की बदललेलं, हेही तपासतात. कॅट काढलेला हेडर तर सरळच बेकायदा. गॅरेजवाल्याचं म्हणणं, "तपासणीच्या आधी सगळं मूळ बसवून देऊ, नंतर परत लावू." असं करणारे आहेत. पण दर दोन वर्षांनी हेडर उतरवायचा, गॅस्केट आणि गंजलेले नट बदलायचे, मजुरी द्यायची, आणि मधल्या काळात गाडी बेकायदाच. कॅटशिवायच्या एक्झॉस्टचा वास गाडीच्या आत येतो ते वेगळंच; मागच्या सीटवर लहान मूल बसतं त्या गाडीत मला हा पर्याय पटत नाही, कायदा बाजूला ठेवला तरी.

भारतातून वाचणाऱ्यांनी हे परक्या देशाचं समजू नये. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलाला मनाई करतं, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये तेच ठामपणे सांगितलं, आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ खाली मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पुण्यात रीमॅप करून देणारे डझनाने असतील, पण अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर काय लिहील हा विचार आधी करावा.

सुपरचार्जरही होता. या गाडीसाठी सूट-क्रमांक मिळालेली किट आहेत, म्हणजे गंमत अशी की ताकदीची मोठी उडी कायदेशीर आणि छोटी उडी बेकायदा. मजुरी धरून अंदाज सात-आठ हजार डॉलरचा आला. जुन्या गाडीच्या किमतीच्या मानाने चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. शिवाय मालकांना टर्बो-सुपरचार्जर नकोच होता; पेडल आणि इंजिन यांच्यात कोणी मध्यस्थ नको, हीच त्यांची आवड. हा तर्क हिशेबात मांडता येत नाही, पण गाडी त्यांची होती.

कॅट-बॅक एक्झॉस्ट कायदेशीर, पण तो दोन्ही कॅटच्या मागे बसतो, आणि या गाडीत गळा तिथे आवळलेलाच नाही. आवाजासाठी घ्यावा.

राहिला क्राउन-पिनियन, म्हणजे मागच्या डिफरन्शिअलमधली (ताकद दोन्ही चाकांना वाटणाऱ्या पेटीतली) दातेरी चाकांची जोडी. फायनल ड्राइव्हचा रेशो तीच ठरवते. २०१७च्या मॅन्युअल गाडीत कंपनीनेच फायनल ड्राइव्ह ४.१चा ४.३ केला, इनटेक मॅनिफोल्ड सुधारून हॉर्सपॉवर २०५ केली. तो ४.३चा सेट जुन्या डिफरन्शिअलमध्ये बसतो. इंजिनाला हात नाही, उत्सर्जनाशी संबंध नाही, आणि प्रत्येक गिअरमध्ये चाकांवरचा टॉर्क पाच टक्क्यांनी वाढतो. डायनोच्या इंजिन-आकड्यात मात्र यातलं काहीच दिसत नाही, म्हणून बढाई मारायला हा पर्याय निरुपयोगी.

निर्णय

आठवडाभर मालक हेडर आणि क्राउन-पिनियन यांच्यात लोंबकळत होते. निकाल लागला तो स्मॉग तपासणीच्या नोटिशीने. ती तीन महिन्यांवर आली होती. हेडरचा बेत रद्द झाला. निव्वळ रीमॅप करू का, असंही त्यांनी विचारलं. ९१च्या पेट्रोलवर, मूळ हेडरसोबत, नुसत्या रीमॅपने चाकांवर पाच-दहा हॉर्सपॉवर मिळतात आणि पेडल तल्लख वाटतं. पण सॉफ्टवेअरच्या तपासणीत तेही अडकलं असतं. तेवढ्यासाठी कशाला?

ठरलं ते असं: मूळ एअरबॉक्स परत, ४.३चा क्राउन-पिनियन, हलकी चाकं, आणि मूळच्या कडक, कमी पकडीच्या टायरांऐवजी त्याच मापाचे जास्त पकडीचे टायर. त्याआधी प्लग, ऑइल आणि ब्रेक फ्लुइड.

काय घडलं

क्राउन-पिनियनचं काम सोपं नसतं. पिनियनची खोली आणि दातांमधला बॅकलॅश (मोकळीक) शिमने, म्हणजे पातळ चकत्यांनी, जुळवावा लागतो. दातांना रंग लावून, हाताने फिरवून, रंग कुठे पुसला जातो ते पाहून. पहिल्या जुळणीत ठसा दाताच्या टोकाकडे सरकलेला दिसला, मेकॅनिकने पुन्हा खोलून शिम बदलला. असा मेकॅनिक मिळाला तर त्याला धरून ठेवा. घाईने जुळवलेलं डिफरन्शिअल ६० मैलांना किणकिणायला लागतं आणि मग ते आयुष्यभर ऐकावं लागतं. सेट आणि मजुरी मिळून दीड हजार डॉलरच्या थोडं वर गेलं.

फ्रीवेवर ७० मैलांना सहाव्यात इंजिन आता ३००० ऐवजी ३१५० फिरतं. मायलेज किंचित उतरलं. पाचव्यात ३९०० ऐवजी ४१००: खड्डा आहे तिथेच आहे, पण गाडी त्याच्या दूरच्या काठाकडे सरकली, आणि चाकांवर पाच टक्के जास्त जोर. मालकांच्या मते फरक "जाणवतो, पण सांगितलं नसतं तर शपथेवर सांगता आलं नसतं". फरक खरा पडला तो चौथा टाकण्याच्या सवयीने.

थंडरहिलला लॅप चार-पाच सेकंदांनी खाली आला. श्रेय कुणाचं? जवळपास सगळं टायरांचं. वळणातून जास्त वेगाने बाहेर पडलेली गाडी सरळ रस्त्यावर जास्त ताकदीची भासते, आणि मालकांना तसंच वाटलं: "इंजिन मोकळं झालंय." इंजिनाला कोणी हात लावलेला नव्हता.

स्मॉग तपासणी पहिल्याच फेरीत पास.

वेगळं काय करता आलं असतं

क्रम उलटा हवा होता. शंभर डॉलरच्या आतला ओबीडी स्कॅनर (ईसीयूतले आकडे वाचणारं यंत्र) घेऊन आरपीएम, गिअर आणि पेडल आठवडाभर नोंदवलं असतं तर पाचव्या गिअरचं गुपित फुकटात कळलं असतं. मग टायर, मग एखाद्या इन्स्ट्रक्टरसोबत ट्रॅकचा दिवस, आणि त्यानंतरही हौस उरली तर क्राउन-पिनियन. पॉड इनटेक यादीत कुठेच नसता. तो शेवटी निम्म्याहून कमी किमतीत विकला गेला.

क्राउन-पिनियनबद्दल माझं स्वतःचं मत आजही पक्कं नाही. दीड हजार डॉलरमध्ये पाच टक्के. ट्रॅकवर वारंवार जाणाऱ्याला पटेल. फक्त ओव्हरटेकसाठी असता तर मी नको म्हटलं असतं. मालक दोन्हींच्या मध्ये बसतात, म्हणून त्यांना रोखलं नाही.

आणि हेडरचा रस्ता सगळीकडे बंद नाही. जिथे गाडी फक्त ट्रॅकवर ट्रेलरने नेली जाते आणि रस्त्यावर नोंदलेलीच नाही, तिथे मी ई८५, हेडर आणि इथेनॉलचं प्रमाण मोजणारा फ्लेक्स फ्युएल सेन्सर हाच मार्ग सुचवेन.

खुद्द कंपन्यांनी या खड्ड्यावर काढलेलं उत्तर २०२२च्या मॉडेलमध्ये आलं. टर्बो लावला नाही. बोअर ८६ची ९४ मिलिमीटर केली, इंजिन २.४ लिटरचं झालं, २२८ हॉर्सपॉवर, आणि जवळपास २५० न्यूटन मीटर टॉर्क ३७०० आरपीएमला, म्हणजे जिथे आधी खड्डा होता तिथेच शिखर. मालकांनी ती गाडी चालवून पाहिली. ७० मैलांना, पाचव्यात, मुद्दाम. किमतीतला फरक मात्र अजून त्यांच्या हिशेबात बसत नाही, म्हणून तूर्त जुनीच चालू आहे.